हार्ड डिस्क महागल्या असताना घरचा डेटा कसा साठवावा: मोजणीपासून पडताळणीपर्यंत

हार्ड डिस्कचे भाव चढू लागले की दोन परस्परविरुद्ध चुका हमखास होतात. काही जण भाव आणखी वाढतील या धास्तीने हाती लागेल ती सर्वांत मोठी डिस्क घेतात, जुन्या तीन-चार डिस्कमधले सगळे तिच्यावर ओततात आणि जुन्या डिस्क विकून किंवा कोणाला देऊन मोकळे होतात. विखुरलेला का होईना, पण चार ठिकाणी असलेला डेटा मग एकाच यंत्राच्या भरवशावर राहतो. दुसरे काही जण भाव उतरण्याची वाट पाहत बॅकअप पुढे ढकलत राहतात आणि तेवढ्यात जुनी डिस्क दगा देते.

भाव लवकर उतरतील असे धरून चालण्याची ही वेळ नाही. जगात हार्ड डिस्क बनवणाऱ्या कंपन्या सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा अशा तीनच उरल्या आहेत, त्यांचा मोठ्या क्षमतेचा माल डेटा सेंटर घाऊक प्रमाणात उचलत आहेत, आणि पर्याय म्हणून ज्या एसएसडीकडे (फिरत्या तबकडीऐवजी चिपांवर साठवणाऱ्या डिस्ककडे) पाहावे त्यांच्या चिपांनाही तीच मागणी आहे. म्हणून कमी डिस्कमध्ये काम भागवणे आणि घेतलेली प्रत्येक डिस्क योग्य जागी लावणे एवढेच आपल्या हातात आहे. खालच्या क्रमात खरेदी पाचव्या टप्प्यावर येते, आणि पहिले चार टप्पे नीट झाले तर ती बहुधा अपेक्षेपेक्षा लहान ठरते.

तयारी: सर्व डिस्क एका टेबलावर

घरातील प्रत्येक डिस्क, पोर्टेबल डिस्क, पेन ड्राइव्ह, जुन्या लॅपटॉपमधून काढून ठेवलेली डिस्क आणि मेमरी कार्ड एकत्र आणावे. प्रत्येकावर कागदी पट्टी चिकटवून एक क्रमांक द्यावा आणि वहीत त्या क्रमांकापुढे क्षमता, मॉडेल क्रमांक, सिरियल क्रमांक आणि खरेदीचे वर्ष लिहावे. ही यादी संगणकातच ठेवली तर नेमक्या गरजेच्या वेळी ती हाताशी नसते, म्हणून ती कागदावरच असावी.

मोठ्या बाह्य डिस्कना वेगळा अडॅप्टर लागतो. तो कोणत्या डिस्कचा आहे हे अडॅप्टरवरही लिहून ठेवावे.

> सावधान: बाह्य डिस्कचा अडॅप्टर साधारणपणे १२ व्होल्टचा असतो, लॅपटॉपचा बहुतेकदा १९ ते २० व्होल्टचा. काही वेळा दोन्हींची पिन सारख्याच मापाची असते आणि सहज बसते. चुकीचा अडॅप्टर लावला तर डिस्कवरील सर्किट क्षणात जळते. पिन बसते की नाही यावर विसंबू नये, छापलेला व्होल्टेज वाचावा.

टप्पा १: जुन्या डिस्कची प्रकृती पाहणे

मोजणी, आवराआवर, नावे बदलणे या सगळ्याच्या आधी प्रकृती पाहावी, कारण आजारी डिस्कवर तासन्‌तास आवराआवर करणे म्हणजे तिला धाप लागलेली असताना जिने चढायला लावणे होय.

प्रत्येक हार्ड डिस्क स्वतःच्या अवस्थेची नोंद ठेवते, तिला स्मार्ट नोंद म्हणतात. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो आणि लिनक्स व मॅकवर स्मार्टसीटीएल ही मोफत साधने ती नोंद दाखवतात. त्यातले रकाने पुष्कळ असले तरी घरगुती वापरासाठी पाचच महत्त्वाचे आहेत. क्रमांक ५ म्हणजे खराब झाल्यामुळे बदललेले सेक्टर (डिस्कवरील साठवणुकीचे लहान तुकडे), १९७ म्हणजे वाचता न आल्याने निर्णयाच्या प्रतीक्षेत असलेले सेक्टर, १९८ म्हणजे दुरुस्त न झालेले सेक्टर, १९९ म्हणजे केबलवरून डेटा जाताना झालेल्या चुका आणि ९ म्हणजे डिस्क एकूण किती तास चालली तो आकडा. ५, १९७ आणि १९८ या तिन्हींचा मूळ आकडा (रॉ व्हॅल्यू) शून्य असणे अपेक्षित आहे. क्रिस्टलडिस्कइन्फो हा मूळ आकडा षोडशमान पद्धतीने दाखवते, तो सेटिंगमधून दशमान करून घ्यावा, अन्यथा १० असे दिसते तेव्हा प्रत्यक्षात १६ असतात.

येथे दोन गैरसमज वारंवार आढळतात. सीगेटच्या डिस्कवर क्रमांक १ आणि ७ पुढे प्रचंड मोठे आकडे दिसतात आणि लोक घाबरून डिस्क बाद करतात. त्या आकड्यात चुका आणि एकूण क्रियांची संख्या एकत्र गुंफलेली असते, त्यामुळे तो मोठा असणे स्वाभाविक आहे. दुसरा गैरसमज १९९ बाबतचा, आणि त्यात मी स्वतः फसलो आहे. सहा वर्षे वापरलेल्या एका चार टेराबाइटच्या डिस्कचा हा आकडा दर आठवड्याला वाढताना पाहून मी ती बाद ठरवली होती. नवी घेण्याआधी सहज कॅबिनेट उघडले, तेव्हा डिस्क मदरबोर्डला जोडणाऱ्या साटा केबलचे टोक बाजूच्या पत्र्याला दाबून वाकलेले दिसले. केबल बदलली आणि आकडा २१४ वर थांबला. तो शून्यावर परत जात नाही, पण पुढेही सरकलेला नाही, आणि ती डिस्क आजही कामात आहे. भाव चढलेले असताना एका केबलने एक डिस्क वाचणे ही लहान गोष्ट नव्हे.

१९७ चा आकडा मात्र गंभीर धरावा. ते सेक्टर पुन्हा लिहिले गेले की एक तर सुधारतात किंवा राखीव जागेतील सेक्टरने बदलले जातात आणि मग ५ चा आकडा वाढतो. दर महिन्याला क्रमांक ५ चा आकडा वाढत असेल तर डिस्क उताराला लागली आहे असे समजावे. चार-आठ बदललेल्या सेक्टरांवर वर्षानुवर्षे स्थिर राहिलेली डिस्क दुय्यम प्रतीसाठी वापरता येते, परंतु एकमेव प्रतीसाठी कधीही नाही.

> सावधान: १९७ किंवा १९८ शून्याहून अधिक असेल तर दीर्घ स्मार्ट चाचणी (टप्पा ६) चालवण्याआधी डेटा बाहेर काढावा. चाचणी संपूर्ण पृष्ठभाग वाचते, आणि तो ताण शेवटचा ठरू शकतो. फाइली वाचताना डिस्क अडत असेल तर साध्या कॉपीऐवजी डीडीरेस्क्यू वापरावे, कारण ते आधी सहज वाचता येणारा भाग घेते आणि अवघड भागाकडे नंतर वळते. डिस्कमधून ठराविक लयीत टकटक आवाज येत असेल तर ती तत्काळ बंद करावी आणि घरगुती उपाय थांबवावेत.

बाह्य डिस्कच्या काही यूएसबी खोक्यांमधून स्मार्ट नोंद बाहेर येत नाही. तेव्हा दुसरे साधन किंवा दुसरा यूएसबी जोडक वापरून पाहावा, नोंद दिसत नाही म्हणून डिस्क ठणठणीत आहे असे मानू नये.

टप्पा २: खरी मोजणी

विंडोजवर विनडिरस्टॅट, लिनक्सवर एनसीडीयू अशा साधनांनी प्रत्येक डिस्कवर कोणता फोल्डर किती जागा खातो ते पाहून वहीत लिहावे. यात एककांचा घोळ टाळायला हवा. उत्पादक एक टेराबाइट म्हणजे १ वर बारा शून्ये इतके बाइट असे मोजतात, तर विंडोज १०२४ च्या पटीत मोजते आणि तरीही टीबी असेच लिहिते. त्यामुळे ४ टेराबाइटची डिस्क विंडोजमध्ये ३.६३ दिसते, १८ टेराबाइटची सुमारे १६.३७. मॅक दशमान पद्धतीने दाखवतो. एका संगणकावरचे आकडे दुसऱ्याच्या आकड्यांत मिसळले की मोठ्या डिस्कवर दीड टेराबाइटची तफावत सहज पडते. सर्व आकडे उत्पादकांच्या मापात आणण्यासाठी विंडोजचा टेराबाइटमधील आकडा १.१ ने गुणावा.

दुसरा छुपा खर्च लहान फाइलींचा आहे. विंडोज मोठ्या डिस्कवर एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करताना साधारणपणे १२८ किलोबाइटचे खण पाडते आणि दोन किलोबाइटची फाइलही एक पूर्ण खण अडवते. दहा लाख लहान फाइली असतील तर त्यांचा एकूण आकार कितीही कमी असो, सुमारे १३१ जीबी जागा जाते. विंडोजमध्ये फोल्डरच्या गुणधर्मांत फाइलींचा आकार आणि डिस्कवरील आकार हे दोन आकडे वेगळे दिसतात. त्यांत मोठे अंतर असेल तर ती डिस्क पुढे एनटीएफएस किंवा ईएक्सटी४ या लहान खण पाडणाऱ्या पद्धतींत फॉरमॅट करणे हीच नवी जागा मिळवण्याची फुकट वाट आहे. अर्थात फॉरमॅटने सर्व पुसले जाते, म्हणून हे काम टप्पा ८ मध्येच करावे.

शेवटी वाढीचा वेग काढावा. फोटो आणि व्हिडिओंचे फोल्डर वर्षवार असतील तर मागील तीन वर्षांचे आकडे समोर ठेवले की पुढील दोन-तीन वर्षांची गरज अंदाजाने नव्हे तर हिशेबाने सांगता येते. एकदा फोन बदलून त्यात जास्त रेझोल्यूशनचा व्हिडिओ सुरू झाला की वेग बदलतो, तेवढे ध्यानात घ्यावे.

टप्पा ३: वर्गवारी आणि दुबार फाइली

हा सर्वांत कंटाळवाणा टप्पा आहे, आणि सर्वाधिक बचतही येथेच होते. सगळा डेटा तीन वर्गांत विभागावा. अ वर्ग पुन्हा कोठूनही मिळणार नाही असा: स्वतः काढलेले फोटो आणि व्हिडिओ, कागदपत्रे, हस्तलिखिते, आजी-आजोबांच्या आवाजातील ध्वनिमुद्रणे. ब वर्ग कष्टाने पुन्हा उभा करता येईल असा: स्वतः डिजिटल केलेल्या कॅसेट आणि सीडी, जुळवलेला संगीतसंग्रह, संपादित प्रकल्पांच्या मधल्या फाइली. क वर्ग पुन्हा उतरवून घेता येईल असा: इन्स्टॉलर, खेळ, चित्रपट.

वर्ग ठरवताना फाइल किती मोठी आहे किंवा जमवायला किती वर्षे लागली याने बिचकू नये. प्रश्न एवढाच विचारावा की ही उद्या नाहीशी झाली तर ती परत मिळवण्याचा मार्ग आहे का.

यानंतर दुबार फाइली. कॉपीची कॉपी, फोनचा अर्धवट बॅकअप आणि "नवा फोल्डर ३" अशा थरांमधून एकच फोटो पाच ठिकाणी सापडतो. च्काव्का (Czkawka) किंवा ड्यूपगुरू ही साधने फाइलीतील मजकुराची तुलना करून दुबार फाइली दाखवतात. तुलना मजकुरावरून किंवा हॅशवरूनच (मजकुरातून हिशेबाने काढलेल्या ओळखखुणेवरूनच) करावी, नावावरून कधीही करू नये. अनेक कॅमेऱ्यांचा फाइल क्रमांक ९९९९ झाला की पुन्हा ०००१ पासून सुरू होतो. माझ्या एका नातेवाइकांनी नाव सारखे म्हणून दुबार समजून जवळपास दोनशे फोटो काढून टाकले, ते एका वेगळ्याच वर्षीच्या लग्नाचे निघाले. सुदैवाने मूळ कार्ड कपाटात पडून होते.

> तपासणी: दुबार फाइली काढण्याआधी त्यांतील वीस जोड्या यदृच्छया निवडून दोन्ही बाजू उघडून पाहाव्यात. काढलेल्या फाइली थेट नष्ट न करता एका फोल्डरमध्ये हलवाव्यात आणि तो फोल्डर टप्पा ७ पूर्ण होईपर्यंत राहू द्यावा.

जागा वाचवण्यासाठी फोटोंचे फोल्डर झिप करण्याचा सल्लाही अनेकदा दिला जातो. जेपीईजी, एमपी३ आणि एमपी४ या फाइली आधीच दाबलेल्या असतात, त्यामुळे झिप करून जवळपास काहीच मिळत नाही आणि फाइल उघडणे मात्र अवघड होते. व्हिडिओ हँडब्रेक या साधनाने एच.२६५ या अधिक दाबणाऱ्या पद्धतीत रूपांतरित केल्यास जागा पुष्कळ वाचते, परंतु या रूपांतरात दर्जा कमी होतो आणि तो परत येत नाही. हा उपाय ब आणि क वर्गापुरता ठेवावा. मुलाच्या पहिल्या पावलांचा व्हिडिओ आज जागा महाग आहे म्हणून कायमचा निकृष्ट करून ठेवू नये.

टप्पा ४: किती प्रती आणि कोठे

तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, त्यांतील एक घराबाहेर, हा नियम परिचित आहे. भाव वाढल्यावर त्याला सरसकट लावण्याचा हट्ट धरला की खर्च पाहून लोक तो संपूर्णच सोडून देतात. म्हणून तो वर्गानुसार लावावा: अ वर्गाच्या तीन प्रती, ब वर्गाच्या दोन, क वर्गाची एक.

उदाहरण घेऊ. घरात एकूण ६.२ टेराबाइट डेटा निघाला. त्यात अ वर्ग ०.९, ब वर्ग १.६, क वर्ग ३.१ आणि दुबार ०.६. वर्गवारी न करता सगळ्याच्या तीन प्रती ठेवायच्या तर १८.६ टेराबाइट लागतील. वर्गवारीने अ साठी २.७, ब साठी ३.२ आणि क साठी ३.१ मिळून ९ टेराबाइट पुरतात. क मधला निम्मा कचरा टाकून देता आला, आणि तो बहुधा येतोच, तर साडेसात टेराबाइटच्या आत काम होते. यातले चार-पाच टेराबाइट घरातील चांगल्या जुन्या डिस्कच पुरवतात. म्हणजे प्रत्यक्ष खरेदी एका मध्यम डिस्कची उरते. वाढीसाठी आणि डिस्कवर १५ ते २० टक्के जागा मोकळी राहावी यासाठी भर घालून अंतिम आकडा लिहावा.

दोन डिस्क परवडत असतील तर त्या मिररिंगमध्ये, म्हणजे दोन्हींवर एकाच वेळी तेच लिहिणाऱ्या रेड-१ रचनेत, जोडाव्यात की दुसरी बॅकअप म्हणून वेगळी ठेवावी, हा प्रश्न येथे येतो. माझे मत स्पष्ट आहे: घरात दोनच डिस्क असतील तर दुसरी वेगळी ठेवावी. मिररिंगमुळे एक डिस्क बंद पडली तरी काम चालू राहते, एवढाच त्याचा उपयोग. चुकून पुसलेली फाइल दोन्हींवरून त्याच क्षणी जाते, खंडणीखोर व्हायरस दोन्हींवर एकाच वेळी कुलूप लावतो, आणि विजेचा झटका दोन्हींना एकदमच बसतो. कपाटात वायर काढून ठेवलेल्या डिस्कला यांतले काहीच होत नाही. शिवाय ती वीजही खात नाही. ८ वॅट घेणारी डिस्क वर्षभर अखंड चालू ठेवली तर सुमारे ७० युनिट होतात.

अ वर्ग लहान असेल तर त्याची घराबाहेरची प्रत क्लाउडमध्ये ठेवणे सोयीचे पडते, कारण मासिक शुल्क आकारावर अवलंबून असते. शुल्क पाहताना साठवणुकीचा दर आणि डेटा परत उतरवण्याचा दर दोन्ही पाहावेत. विश्वासातल्या व्यक्तीच्या घरी ठेवलेली एनक्रिप्ट केलेली (पासवर्डशिवाय वाचता न येणारी) पोर्टेबल डिस्क हाही तितकाच चांगला मार्ग आहे. तिचा पासवर्ड किंवा रिकव्हरी की कागदावर लिहून आपल्या घरी ठेवावी. ही रिकव्हरी की त्याच कुलूपबंद डिस्कवर ठेवल्याची उदाहरणेही आहेत.

टप्पा ५: खरेदी

आता बाजारात जावे. भावाची तुलना नेहमी दर टेराबाइट काढून करावी आणि त्यात खोके, अडॅप्टर, केबल यांचा खर्च धरावा. सर्वांत लहान डिस्क दर टेराबाइट हमखास महाग पडते, सर्वांत मोठ्या डिस्कवर नवेपणाचा अधिभार असतो, आणि स्वस्त बिंदू साधारणपणे मधल्या मोठ्या क्षमतांमध्ये सापडतो. परंतु हिशेबात ५ टेराबाइटची गरज निघाली असताना दर स्वस्त म्हणून १६ टेराबाइट घेणे ही बचत नाही. तेवढ्यात दोन लहान डिस्क आल्या असत्या, म्हणजेच दोन प्रती.

यानंतर लिहिण्याची पद्धत पाहावी. सीएमआर डिस्कवर चुंबकीय पट्टे शेजारी-शेजारी असतात. एसएमआर डिस्कवर ते कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात, त्यामुळे एक पट्टा बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. रिकाम्या एसएमआर डिस्कवर सुरुवातीला वेग चांगला मिळतो. आतील तात्पुरती जागा भरली की तो एकदम कोसळतो आणि विकत घेणाऱ्याला डिस्क बिघडल्यासारखे वाटते. एकदा भरून कपाटात ठेवायच्या प्रतीसाठी एसएमआर चालते. नॅसमध्ये (घरच्या नेटवर्कवरील साठवण यंत्रात), रेड रचनेत किंवा रोज बदलणाऱ्या डेटासाठी सीएमआरच घ्यावी. नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही डिस्कमध्ये ही पद्धत न सांगता वापरली जात असल्याचे २०२० मध्ये उघड झाले होते. म्हणून खोक्यावरील शब्दांपेक्षा पूर्ण मॉडेल क्रमांक, शेवटच्या अक्षरांसह, उत्पादकाच्या तांत्रिक पत्रकात शोधावा.

वापरलेल्या डिस्क भाव चढल्यावर आकर्षक वाटतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीसाठी त्या घेण्यात गैर काही नाही. मात्र घेण्याआधी चार गोष्टी पाहाव्यात. डिस्क साटा आहे की एसएएस (सर्व्हरमध्ये वापरली जाणारी जोडणी), हे आधी. साटा जोडणीत डेटा आणि वीज यांच्या पट्ट्यांमध्ये खाच असते, एसएएसमध्ये ती भरलेली असते, आणि अशी डिस्क घरगुती मदरबोर्डच्या साटा केबलला बसतच नाही. दुसरे, डेटा सेंटरमधील काही साटा डिस्क जुन्या पॉवर सप्लायवर फिरतच नाहीत, कारण वीजजोडणीतील तिसऱ्या पिनवर ३.३ व्होल्ट आले की त्या स्वतःला बंद ठेवतात. डिस्क मृत नसते, मोलेक्स (चार पिनांची वीजजोडणी) ते साटा असा जोडक लावला की ती सुरू होते. तिसरे, वॉरंटी विक्रेत्याची की उत्पादकाची, हे सिरियल क्रमांक उत्पादकाच्या संकेतस्थळावर टाकून पाहावे. चौथे, परत करण्याची मुदत किती दिवसांची आहे.

> सावधान: २०२५ च्या सुरुवातीला डेटा सेंटरमध्ये हजारो तास चाललेल्या सीगेटच्या डिस्क तासांची नोंद शून्य करून नव्या म्हणून विकल्या गेल्याचे उघड झाले. सीगेटच्या अलीकडच्या डिस्कमध्ये फार्म नावाची आणखी एक नोंद असते आणि स्मार्टसीटीएलच्या नव्या आवृत्त्या ती वाचतात. तिच्यातील तास आणि स्मार्ट नोंदीतील तास जुळले पाहिजेत.

> सावधान: अविश्वसनीय स्वस्त दरात १६ टेराबाइटची बोटभर एसएसडी मिळत असेल तर ती खोटी आहे. तिच्या आत एक लहान मेमरी कार्ड असते आणि क्षमता खोटी कळवली जाते. फाइली कॉपी झाल्यासारख्या दिसतात, उघडत मात्र नाहीत.

बाह्य डिस्क कधी कधी सुट्या डिस्कपेक्षा स्वस्त पडते, म्हणून ती फोडून आतील डिस्क वापरण्याची प्रथा आहे. लहान पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबी जोडणी सर्किटवरच असू शकते, तेथे फोडून काही हाती लागत नाही. काही खोक्यांमध्ये एनक्रिप्शन खोक्याच्या सर्किटवर असते, त्यामुळे भरलेली डिस्क बाहेर काढली की डेटा वाचता येत नाही. फोडायचेच तर टप्पा ६ पूर्ण झाल्यावर आणि डिस्क रिकामी असताना.

टप्पा ६: नव्या डिस्कची परीक्षा

नवी डिस्क म्हणजे चांगली डिस्क असे नसते. वाहतुकीतील आघाताने किंवा उत्पादनातील दोषाने डिस्क पहिल्या काही दिवसांतच बिघडू शकते, म्हणून ही परीक्षा परत करण्याच्या मुदतीतच उरकावी आणि ती होईपर्यंत तिच्यावर एकही मोलाची फाइल ठेवू नये.

१. खोके उघडताना फोटो काढावेत आणि सिरियल क्रमांक पावतीशी जुळवावा.

२. स्मार्ट नोंद वाचून पाचही आकडे वहीत लिहावेत. नव्या डिस्कचे तास शून्याच्या आसपास असावेत.

३. दीर्घ स्मार्ट चाचणी चालवावी. मोठ्या डिस्कला यासाठी पूर्ण दिवसही लागतो. यूएसबी डिस्क असेल तर संगणक आणि डिस्क दोघांचीही झोप सेटिंगमधून बंद करावी, नाहीतर चाचणी मध्येच तुटते.

४. संपूर्ण डिस्क एकदा लिहावी आणि एकदा वाचावी. विंडोजवर क्विक फॉरमॅटची खूण काढून पूर्ण फॉरमॅट केला की सर्वत्र शून्ये लिहिली जातात. एचटूटेस्टडब्ल्यू किंवा एफ३ हे साधन लिहून परत वाचते, म्हणून ते अधिक चांगले. सरासरी १८० एमबी प्रति सेकंद धरले तर ८ टेराबाइट एकदा लिहायला सव्वाबारा तास आणि वाचायला तेवढेच. लिनक्सवरील बॅडब्लॉक्सची लिहिणारी चाचणी चार वेगवेगळे नमुने लिहून वाचते, म्हणजे एकूण आठ फेऱ्या, त्यामुळे मोठ्या डिस्कवर ती आठवडाभर चालते. घरासाठी एक फेरी पुरेशी आहे.

५. पुन्हा स्मार्ट नोंद वाचून आधीच्या आकड्यांशी तुलना करावी. ५, १९७ किंवा १९८ यांपैकी काहीही शून्यावरून हलले असेल तर डिस्क परत करावी. "एकच तर आहे" म्हणून ठेवून घेऊ नये.

> तपासणी: चाचणी चालू असताना तापमान पाहावे. ४५ अंशांपर्यंत चिंता नाही. ५० च्या वर जात असेल तर हवा खेळत नाही, जागा बदलावी.

टप्पा ७: कॉपी आणि पडताळणी

सर्वांत अशक्त डिस्कवरील अ वर्ग सर्वांत आधी हलवावा, मग इतर डिस्कवरील अ, मग ब, आणि शेवटी क. बहुतेक लोक मोठ्या फोल्डरपासून सुरुवात करतात आणि रात्रभर चित्रपट कॉपी होत असताना शेजारची म्हातारी डिस्क फोटोंसह निकामी होते.

कट-पेस्ट करू नये. मध्येच वीज गेली किंवा केबल हलली तर काय गेले आणि काय राहिले याचा पत्ता लागत नाही. नेहमी कॉपी करावी आणि मूळ तसेच राहू द्यावे. लिनक्स व मॅकवर आरसिंक, विंडोजवर रोबोकॉपी किंवा फ्रीफाइलसिंक अशी साधने अर्धवट राहिलेले काम पुढे सुरू करू शकतात.

कॉपी संपल्याचा संदेश ही पडताळणी नव्हे. दोन्ही बाजूंच्या फाइलींची संख्या आणि एकूण आकार जुळवावा. अ वर्गासाठी हॅश काढून तुलना करावी. आरसिंकमध्ये चेकसमचा (हॅशवरून तुलना करण्याचा) पर्याय देऊन तोच आदेश पुन्हा चालवला की फरक असलेल्या फाइलीच पुढे येतात. हॅशची यादी फोल्डरसोबत ठेवून द्यावी, दोन वर्षांनी एखादी फाइल मुक्याने बिघडली आहे का हे तिच्यावरूनच कळते. त्यानंतर डिस्क सुरक्षितपणे काढून, शक्य असल्यास दुसऱ्या संगणकाला लावून, प्रत्येक वर्षाच्या फोल्डरमधील दोन-तीन फोटो आणि एक व्हिडिओ मधूनमधून पुढे सरकवत पाहावा.

> सावधान: सिंक साधनातील मिरर किंवा डिलीट पर्याय स्रोतातून नाहीशा झालेल्या फाइली प्रतीतूनही काढतो. स्रोत आणि लक्ष्य उलटे पडले तर रिकामी नवी डिस्क भरलेल्या जुन्या डिस्कवर "सिंक" होते. आधी प्रत्यक्ष काही न करता यादी दाखवणारी चाचणी फेरी चालवावी आणि ती यादी वाचावी.

टप्पा ८: जुन्या डिस्कना नवे काम

सर्व प्रती पडताळून झाल्या तरी जुन्या डिस्क महिनाभर तशाच ठेवाव्यात. एखादा विसरलेला फोल्डर याच महिन्यात आठवतो. त्यानंतर ज्यांची प्रकृती टप्पा १ मध्ये चांगली निघाली त्यांना पुसून, फॉरमॅट करून, अ वर्गाची कपाटातील प्रत म्हणून भरावे आणि पट्टीवर तारीख लिहावी. डिस्क अँटिस्टॅटिक पिशवीत, कोरड्या जागी, पडणार नाही अशा उंचीवर ठेवावी. दर सहा महिन्यांनी ती जोडून स्मार्ट नोंद वाचावी आणि वर्षातून एकदा हॅशच्या यादीशी पूर्ण पडताळणी करावी. या कामासाठी उरलेली जुनी एसएसडी वापरू नये, कारण झिजलेली एसएसडी विजेशिवाय पडून राहिली तर आतील विद्युतभार ओसरू लागतो आणि त्यासोबत डेटाही.

विकायच्या डिस्कवर एकदा संपूर्ण शून्ये लिहिणे घरगुती वापरासाठी पुरेसे आहे, केवळ क्विक फॉरमॅट नाही. ज्या डिस्कवर बदललेले सेक्टर आहेत ती विकू नये, त्या बाजूला टाकलेल्या सेक्टरांपर्यंत साधे लेखन पोहोचत नाही आणि त्यांत काय राहिले आहे हे पाहता येत नाही. अशी डिस्क उघडून तबकड्या ओरखडाव्यात आणि ई-कचऱ्यात द्यावी. वहीतील तिच्या क्रमांकापुढे तारीख टाकून ओळ खोडावी, म्हणजे पुढच्या वेळी मोजणी करताना ती शोधत बसावे लागत नाही.